लाल टोकाला अडकलेला लिव्हर

देवराव, आपल्या पिकअपच्या हीटरचा लिव्हर परवा हलला. लाल टोकापासून निळ्या टोकापर्यंत, मध्ये कुठंही न अडता. बोटानं ढकलला की सरकतो आणि सोडला की जिथं सोडला तिथंच राहतो. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला द्यायची होती. या एका लिव्हरवरून आपण दोघं साडू जेवढे भांडलो, तेवढ्या आपल्या बायका सख्ख्या बहिणी असून आणि एकाच गावात नांदून कशावरून भांडल्या नसतील.

तेरवीला लोक तुमच्याबद्दल बरंच बोलले. मी बोललो नाही. दोघा-तिघांनी आग्रह केला, “साडभाऊ, तुमी तं सांगा दोन शब्द,” पण मी वाढपाकडे बघायचं निमित्त करून उठलो. माझ्या मनात जे होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. मला हलकं वाटत होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाशीमला जाऊन चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, सुजलेल्या हातानं परत यायचं, पाणी मोजून प्यायचं, हे सगळं तुमच्यापुरतं संपलं होतं. आपल्या अंथरुणात, झोपेत गेलात. हातात सुई नव्हती. मला रडू आलं ते एकदाच, आणि ते दुःखाचं कमी आणि सुटकेचं जास्त होतं. तेरवीच्या पंगतीत हे कसं सांगणार?

पण त्या हलकेपणात एक गोष्ट टोचत होती आणि ती या लिव्हरची होती. आजारी माणूस दोन उन्हाळे माझ्या शेजारी भट्टीत बसून गेला, आणि मी नुसती गाडी चालवत राहिलो. ते तुम्ही मुकाट्यानं सोसलंत काय, हे मला कळत नव्हतं. आता विचारायलाही कोणी नव्हतं.

जुनी गोष्ट आहे, पण पुन्हा मांडतो, कारण तुम्ही ती नेहमी तुमच्या सोयीनं सांगायचात. आपण दोघांनी मिळून ही गाडी घेतली तेव्हा ती दोन हात फिरून आली होती आणि तिचा पहिला मालक कुठल्या तरी थंड डोंगराळ मुलखातला होता. म्हणून तिला हीटर. इथल्या गाड्यांना हीटर असला तरी त्याची पहिली गत एकच होते: इंजिनाकडून गरम पाणी आत आणणारा पाइप आणि बाहेर नेणारा पाइप, दोन्ही काढून एकमेकांना जोडून टाकायचे आणि हीटर कायमचा विसरायचा. बायपास. वाशीमपासून रिसोडपर्यंत कोणालाही विचारलं असतं तर त्यानं अर्ध्या तासात करून दिला असता.

लिव्हर लाल, म्हणजे गरम, टोकाला अडकला तेव्हाच मी म्हटलं, “बायपास करून टाकू.”

तुम्ही म्हणालात, “चांगली भली वस्तू काहून तोडता? केबल अटकली असन. पाह्यतो मी.”

तुम्ही पाहिलं. एक रविवार डॅशबोर्ड उघडून पाहिलं, बंद केलं आणि सांगितलं की हीटरमध्ये गरम पाणी सोडणारा कॉक गेला, तो इथं भेटत नाही, नागपूरहून मागवला. तो कॉक नागपूरहून निघाला तो अजून वाटेतच आहे.

आपलं काम वाटलेलं होतं. कागदपत्रं, भाड्याच्या फेऱ्या, माल किती आणि कुठं, हे माझं. इंजिन, पाटे, टायर, वायरिंग हे तुमचं. तुमच्या कामात मी पेचकस घातला नाही आणि माझ्या कामात तुम्ही डोकं घातलं नाही. दोन साडूंच्या मध्ये एक गाडी इतकी वर्षं टिकली त्याचं कारण एवढंच होतं. म्हणून तुम्ही आजारी पडल्यावरही मी डॅशबोर्डला हात लावला नाही. तुमच्या हातून सगळंच सुटत चाललं होतं. तेवढं तरी तुमच्याकडे असावं, असं वाटायचं.

मग त्या फेऱ्या सुरू झाल्या. तुम्ही मधल्या सीटवर आणि खिडकीशी कमलबाई. आपल्याच गावच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, त्यांचंही तेच दुखणं आणि तोच वार. गाडीत बसण्याआधी तुमचं वजन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोच्या वर वाढता कामा नये, वाढलं तर ते सगळं पाणी. मी तुम्हाला शेडमधल्या त्याच काट्यावर उभं करायचो जिथं सोयाबीनची पोती मोजतो, आणि कपड्यांचे सातशे ग्रॅम वजा करायचो.

“बारदान कापलं काय?” तुम्ही दर वेळी विचारायचात.

“सातशे कापलं.”

“सोयाबीनच्या पोत्याले किलोभर कापता अन् जित्त्या माणसाले सातशे? माह्या बंडीचं वजन तरी पाहा.”

“अडीच किलो वाढ आली, देवराव. पाणी कुठं प्यालात?”

“पाणी नाई प्यालो. टरबूज खाल्लं दोन फोडी.”

“टरबूज म्हणजे पाणीच.”

“मंग भूकही लागू नोय काय माणसाले?” असं म्हणून तुम्ही कमलबाईंकडे बघायचात, आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. हसायला त्यांना काय होतं. त्यांचं वजन त्यांची सून करायची, आणि ती एक ग्रॅमही सोडायची नाही.

सकाळी जाताना ठीक असायचं. वाशीमहून दुपारी परत निघालं की खरी परीक्षा. वैशाखातलं ऊन, वर पत्रा तापलेला, समोर काच, आणि खालून पायांवर तो हीटर. इंजिनाचं उकळतं पाणी सरळ डॅशबोर्डच्या पोटात. मी कॅबिनमध्ये एक थर्मामीटर टांगला होता. बाहेर त्रेचाळीस आणि आत एकोणपन्नास दाखवायचा. मी तो तुम्हाला दाखवला तर म्हणालात, “चायना माल हाये तो.”

“ब्लोअर तरी बंद करा.” हवा फेकणाऱ्या त्या पंख्याचं बटण तुमच्या हाताशी होतं.

“हवा खेळती राह्यली पायजे. बंद केला का अजून कोंदटते.”

“मग तुमच्या बाजूची काच खाली घेऊ?”

“धूळ येते. मले खोकला येते, यायले येते,” कमलबाईंकडे बोट करून. त्या लगेच खोकायच्या.

मी माझ्या बाजूची काच उघडून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून गाडी चालवायचो. अनसिंगला पोहोचेस्तोवर दुपट्टा दोनदा ओला करावा लागायचा. तुम्ही मध्येच तुमच्या दुपट्ट्यानं कपाळ पुसायचात आणि म्हणायचात, “हौ बाप्पा, लय गरम होऊन राह्यलं आज.” मला वाटायचं, बिचारा माणूस सोसतोय, पण हट्ट सोडत नाही. मी म्हणायचो, “म्हणून म्हणतो, बायपास.” आणि तुम्ही म्हणायचात, “येऊ द्या कॉक नागपूरहून.”

गेल्या उन्हाळ्यात मी एकदा चिडून बोललो होतो की देवराव, हा हीटर तुमच्याआधी मला घेऊन जाईल. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तसं होत नसते साडभाऊ. माहा नंबर आधी लागला हाये.”

तेरवीनंतर तुमच्या घरच्या शांताताईंनी मला बोलावून घेतलं. तुम्हाला माहीत आहे, मी त्यांना ताई म्हणतो आणि त्या मला हुकूम देतात. हळदीचा विषय काढून म्हणाल्या, “हयद शिजवून, वाळवून तयार हाये. न्यायची कशी? दोन ड्रायव्हर आले, गाडीत बसून पाह्यलं अन् निघून गेले. म्हणतेत, ही गाडी हाये का चूल?” आता गाडीवर त्यांचं पोट आहे. मला म्हणाल्या, “तुमीच खोला ते. त्यायचं काम होतं हे खरं, पण ते तं आता यायचे नाईत.”

म्हणून परवा सकाळी उन्हाआधी मी तुमची पेटी घेऊन बसलो. इतकी वर्षं तुम्हाला पाने देत बसलो होतो, त्यामुळे कुठला पाना कुठं लागतो एवढं तर कळतं. आधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं आणि बॉनेट उघडून दोन्ही पाइपांना हात लावला. दोन्ही गरम. म्हणजे पाणी हीटरमधून फिरत होतं आणि कॉक पूर्ण उघडा होता. मग इंजिन थंड होऊ दिलं, डॅशबोर्डची खालची पट्टी काढली, चार स्क्रू, आणि हातबॅटरी लावून आत पाहिलं.

मला वाटलं होतं केबल गंजली असेल. केबल नवी होती. तिची क्लिपही नवी होती, जुन्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये पांढरी उठून दिसत होती. कॉकच्या दांडीला पक्कड लावून पाहिली तर दांडी लोण्यासारखी फिरायला हवी होती, ती एक केसभर हलली आणि थांबली. मी डोकं आणखी आत घातलं. दांडीला बारीक बांधणीची तार होती. दांडीपासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत घट्ट ओढून बांधलेली, तीन पीळ आणि टोक परत आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. तारेच्या खाली कापडाची घडी, खडखड होऊ नये म्हणून. कापड तुमच्या दुपट्ट्याच्या काठाचं होतं.

देवराव, असं टोक आत वळवून तार बांधणारा माणूस या गावात एकच होता. शेताच्या कुंपणाला तुम्ही तशीच बांधायचात, आणि मी म्हणायचो की कुंपणाची तार टोचली तर चांगलंच आहे ना. कॉक गेला नव्हता. केबलही तुम्ही बदलली होती. सगळं दुरुस्त करून, मग स्वतःच्या हातानं तुम्ही तो हीटर लाल टोकाला बांधून ठेवला होता.

मी तसाच पडून होतो, पाठ पायदानावर आणि पाय दाराबाहेर. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना माझे पायच दिसले. घाबरून म्हणाल्या, “काय झालं, लागलं काय?”

मी उजेड धरून तार दाखवली. त्यांनी वाकून ती पाहिली. मग पायरीवर बसल्या आणि त्यांना हसू आलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

“थंडी वाजे न त्याहिले,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातून आले का बर्फासारखे पाय. मांगच्या खोलीत दार लावून गोधडीत निजत. मे महिन्यात. मले म्हणत, कोनी आलं तं सांग का झोपले.”

“मग मला कामून नाही सांगितलं?”

“तुमी हासले असते,” ताई म्हणाल्या.

हसलो असतो. अगदी खरं आहे. वैशाखात थंडी वाजते म्हणणाऱ्या देवरावला मी महिनाभर सोडलं नसतं. दवाखान्यात त्या चार तासांत नर्स तुमच्या अंगावर चादर टाकायची, ते मी पाहिलं होतं. ते एसीमुळे असेल असं धरून चाललो. एवढे आकडे ठेवणारा मी, पण तुमचा दुपट्टा कपाळ पुसून पुसून कधी ओला झाला नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझा दोनदा भिजायचा आणि तुमचा खडखडीत कोरडा असायचा.

आणि त्या पायरीवर बसूनच ताई म्हणाल्या, “एक सांगू का भाऊजी, कोनाले सांगू नका. ते सुटले, अन् मीही सुटले. लोक रडतेत तं मीही रडतो. पण पहाटे जाग येते न, अन् आठवते का आज मंगळवार असूनही कुठं जायचं नाई, तं बरं वाटते.” मग माझ्याकडे बघून, “हे वाईट हाये काय?”

मी म्हटलं, “नाही ताई. मलाही बरं वाटते.” आम्ही दोघांनी चहा संपवला. तुमच्या मागे झालेलं माझं हे सगळ्यात खरं बोलणं. मांडवात जे बोलता आलं नाही ते पिकअपच्या पायरीवर बोलून झालं.

तार कापली. कॉकच्या दांडीला ग्रीस लावलं, लिव्हर दहा वेळा इकडून तिकडे फिरवला, पट्टी बसवली. निळ्यावर ठेवून फेरी मारली, अर्ध्या तासानं हवा साधी येऊ लागली. साधी म्हणजे बाहेर जशी तशी. मला ती नागपूरच्या एसी बंगल्यातली वाटली. ताईंना सांगितलं, ड्रायव्हर बोलवा, हळद भरा.

वादाचा निकाल माझ्या बाजूनं लागला असं मी एक दिवस धरून चाललो. लिव्हर दुरुस्त करायला पाहिजे, हे मी म्हणत होतो आणि तो दुरुस्त झाला. तुमच्या फोटोपुढे जाऊन तसं सांगणारही होतो.

काल शुक्रवार. कमलबाईंची फेरी चालूच आहे. त्यांना आपण सुरुवातीलाच शब्द दिला होता, आणि तुमचा वार संपला म्हणून त्यांचा संपत नाही. सकाळी त्या बसल्या आणि तुमच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली. मी कौतुकानं लिव्हर दाखवला. म्हटलं, “बघा, आता सुटलो आपण त्या भट्टीतून.” त्या “बरं झालं” म्हणाल्या, पण आवाज बरं झाल्याचा नव्हता.

दुपारी परत निघालो. फाल्गुनातलं ऊन, अजून तेवढं कडक नाही, पण मला तर अंगाला लागत होतं. काचा उघड्या, हवा छान. शहर मागे पडेपर्यंत कमलबाईंनी पदर दोन्ही हातांवर ओढून घेतला होता आणि पाय सीटवर घेऊन बसल्या होत्या. ओठ जरा निळसर. मी गाडी बाजूला घेतली.

“थंडी वाजून राह्यली काय, बाई?”

“नाई, नाई. चला तुमी.”

“बाई, मी तार पाह्यली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कबूल केल्यासारखं हसल्या. “मशिनीतून रक्त फिरून आलं का हाडं गार पडतेत, भाऊ. वरून किती बी ऊन असो. देवराव म्हणत, बाई, साडभाऊले सांगू नका, ते आधी हासतीन. अन् मंग त्यायले वाटन का मी मराले टेकलो. नसलं सांगितलेलं बरं.”

“म्हणून तुम्ही खोकायच्या?”

“त्याहिनंच शिकवलं होतं. म्हणत, काचीचं नाव घेतलं का खोका.”

मला खूप हसू आलं, देवराव. त्या रस्त्याच्या कडेला स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी हसलो. दोन उन्हाळे मी तुमच्यासाठी जीव टाकत होतो की बिचारा भाजतोय, आणि तुम्ही दोघं माझ्या शेजारी पाय शेकत, डोळ्यांनी खुणा करत बसला होतात. भाजत होतो तो मी एकटा. मला टोचत होतं ते त्या क्षणी गेलं. तुम्ही सोसलं नाही. त्या गाडीत, त्या वीसेक किलोमीटरमध्ये, आठवड्यातून दोनदा, तुम्हाला ऊब होती. ती तुम्ही कुणाला न मागता, स्वतःच्या हातानं बांधून घेतली होती, टोक आत वळवून.

एक तक्रार मात्र राहील. तुम्ही एकदा म्हणाला असता, साडभाऊ, थंडी वाजते, तर मी हसलो असतो हे खरं. पण हसून झाल्यावर लिव्हर लालवरच ठेवला असता. त्याला तार लागली नसती.

मी लिव्हर लाल टोकाला ढकलला. तो गेला आणि तिथं राहिला. ब्लोअर एकवर केला. थोड्या वेळानं कमलबाईंनी पाय खाली सोडले, चपलेतून बाहेर काढले आणि हीटरच्या जाळीपुढे धरले. मी तुमच्या जागेवरची पिशवी उचलून सीटमागे ठेवली, म्हणजे त्यांना जाळीसमोर सरकता येईल. माझ्या बाजूची काच उघडी होती, दुपट्टा ओला होता. त्यांच्या बाजूची काच वर करायला मी हात लांबवला तेव्हा त्यांनी सवयीनं खोकून दाखवलं.